दिवे दिसतात, दगड दिसत नाही

त्रिपुरारी पौर्णिमा उलटली की पुढचे आठ-दहा दिवस एक वाद हमखास रंगतो. वाईच्या घाटांवर, क्षेत्र माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, सांगलीच्या कृष्णाकाठी आणि हरिपूरला संगमेश्वरापाशी दिवे लागून गेलेले असतात. देवळांपुढच्या दीपमाळांवर त्रिपुर पाजळून झालेला असतो. एरवी ओस पडलेली जुनी देवळे, बारवा आणि गडांचे तट यांच्यावरही अलीकडे दिवाळीपासून या पौर्णिमेपर्यंत पणत्या आणि मेणबत्त्या उजळतात, आणि त्याच रात्री त्यांची छायाचित्रे घरोघरी पोचतात. मग कोणी म्हणते, श्रद्धा संपली, आता सगळे फोटोपुरते उरले. कोणी म्हणते, फोटो निघाले म्हणून तरी लोकांना आपला वारसा कळला. भांडण जोरात चालते, पण दोन्ही बाजू एक गोष्ट धरूनच चालतात: त्या रात्री तिथे कॅमेरा रोखला, म्हणजे त्या वास्तूचे छायाचित्र निघाले. माझी हरकत या गृहीतालाच आहे. दीपोत्सवाच्या रात्री प्राचीन अवशेषांत काढलेल्या बहुतेक छायाचित्रांत अवशेष नसतातच. दिवे असतात, त्यांच्या ओळी असतात, मागे काळोख असतो. देऊळ त्या काळोखात बुडालेले असते.

श्रद्धा उरली की नाही, हे बाहेरून मोजण्याचे माप कोणाकडेच नाही, म्हणून तो मुद्दा सोडून देतो. तेलाने आणि मेणाने दगड खराब होतो ही तक्रार खरी आहे, पण पणतीखाली द्रोण किंवा पत्रावळ ठेवण्याची शिस्त लावली की ती बरीचशी मिटते. उत्तर द्यायला हवे ते तिसऱ्या मताला, कारण आज तेच सर्वमान्य होत चालले आहे. ते असे: छायाचित्राने प्रसिद्धी मिळते, प्रसिद्धीने माणसे येतात, माणसे आली की वास्तू वाचते, तेव्हा फोटो कसा आहे याची चिकित्सा करू नये, तो निघतो आहे यातच समाधान मानावे.

या मताची बळकट बाजू आधी मान्य करायला हवी. साताऱ्याजवळ लिंबला बारामोटेची विहीर आहे. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची ही अष्टकोनी विहीर, तिच्या पोटातला खांबांचा छोटा महाल आणि वरची मोटांची दगडी थारोळी हे सगळे पंचक्रोशीबाहेरच्या फार थोड्यांना ठाऊक होते. आज तिथे दूरदूरची माणसे येतात ती छायाचित्रे पाहूनच. प्रतापगडाचा ११ जुलै २०२५ रोजी इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत समावेश झाला; त्या गडावर भवानीच्या नवरात्रात तटावर पेटणाऱ्या मशालींची चित्रे त्याआधी कितीतरी वर्षे लोकांच्या नजरेसमोर होती. तेव्हा चित्रांनी काहीच साधत नाही असे म्हणणे आंधळेपणाचे ठरेल. मात्र चित्राने माणसे आणली एवढ्यावरून चित्राने वास्तू वाचवली असे सिद्ध होत नाही. ती माणसे काय पाहायला आली, आणि आल्यावर त्यांनी काय पाहिले, हा दुवा या युक्तिवादात गाळलेला आहे.

हा गाळलेला दुवा किती महत्त्वाचा असतो, ते साताऱ्याला तरी दुसरीकडे शोधायला जावे लागू नये. कासच्या पठाराचा २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात समावेश झाला आणि फुलांची छायाचित्रे सर्वदूर गेली. लोंढे आले, फुले तुडवली जाऊ लागली, आणि अखेर रोजच्या प्रवेशावर मर्यादा घालून आगाऊ नोंदणी सुरू करावी लागली. प्रसिद्धीचे समर्थक यावर म्हणतील की प्रसिद्धी नसती तर ही व्यवस्थाही आली नसती. ते खरे आहे, पण ती व्यवस्था कशाच्या आधारावर उभी राहिली? कासच्या चित्रात फूल ओळखू येत होते. ही सीतेची आसवं, ही टोपली कारवी, हा तेरडा, असे नाव घेऊन बोलता येत होते. कोणते फूल कोणत्या पंधरवड्यात फुलते, ते कातळावरच्या किती पातळ मातीत जगते, हे ज्ञान चित्राच्या पाठीशी होते. म्हणून काय राखायचे हे सांगता आले. आता दीपोत्सवाचे चित्र समोर ठेवा आणि त्याखालचे गावाचे नाव झाकून टाका. पायऱ्यांवर पणत्यांच्या ओळी, मध्ये रांगोळीचे स्वस्तिक, मागे कमानीची पुसट कड. हे लिंब आहे, वाई आहे, की तीनशे कोसांवरचे दुसरेच काही? सांगता येत नाही. नाव झाकल्यावर ज्या चित्रातली जागा ओळखता येत नाही, त्या चित्राने प्रसिद्धी दिली ती दिव्यांना. त्यामुळे माणसे येतात ती दिव्यांच्या रात्री, आणि दिवे विझले की त्या वास्तूशी त्यांचे काही देणेघेणे उरत नाही.

यात हळहळ वाटावी अशी गोष्ट आणखी पुढे आहे. झिजलेला दगड वाचण्यासाठी दिव्याइतके चांगले साधन क्वचितच मिळते. वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या आवारात वीरगळांची रांग आहे. सज्जनगडाच्या पायथ्याला परळीच्या जुन्या महादेवाच्या देवळाजवळही वीरगळ आहेत. वीरगळावर साधारण तीन-चार चौकटी असतात. तळाला पडलेला वीर, त्यावर लढाई, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, कडेला चंद्र-सूर्य आणि माथ्यावर कलश. काही शतकांच्या पावसाने हे कोरीव काम इतके झिजले आहे की ढगाळ दिवशी किंवा झाडाच्या सावलीत दगडावर नुसते उंचवटे दिसतात. कारण तेव्हा उजेड सगळीकडून सारखा येतो आणि सावली पडत नाही. मोबाइलचा फ्लॅश समोरून पडतो आणि उरलीसुरली सावलीही पुसतो. पण तिन्हीसांजेनंतर दगडाच्या अगदी कडेला, पृष्ठभागापासून वीतभर अंतरावर, एक पणती ठेवा. तिचा उजेड दगडावरून घासत जातो, आणि जिथे जवभर उंचवटा आहे तिथे बोटभर सावली पडते. ढालीची गोल कड वर येते, उगारलेल्या हाताची दिशा कळते, घोडा आणि बैल यांतला फरक कळतो. वीर लढाईत पडला की गुरे वाचवताना, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा अशा सावलीवरच अवलंबून असते. शिलालेखांचे अभ्यासक पुसट अक्षरे वाचताना तिरका उजेड वापरतात तो याच कारणाने. हे साधन त्या रात्री शेकड्यांनी तिथे पेटलेले असते आणि आपण ते सगळे जमिनीवर मांडून, दगडाकडे पाठ करून, त्याच दिव्यांचे फोटो काढतो.

माझ्या दृष्टीने या सगळ्या चर्चेत एकच भेद महत्त्वाचा आहे: दिव्यांचे छायाचित्र आणि दिव्याच्या उजेडात घेतलेले छायाचित्र. पहिल्यात दिवा हा विषय असतो, दुसऱ्यात तो साधन असतो. पहिले कुठेही निघते, दुसरे त्या दगडापाशीच निघू शकते. हा भेद भारी कॅमेऱ्यावर किंवा छायाचित्रकाराच्या वकुबावर अवलंबून नाही. पूर्वी फिल्मवर दिव्याच्या उजेडात चित्र घेणे जिकिरीचे होते. आजचा साधा मोबाइलही ते करतो. अडचण असलीच तर उलटी आहे. मोबाइलचा रात्रीचा मोड एकामागून एक अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो, सावल्या उजळवतो आणि ज्या काळोखामुळे नक्षी दिसत होती तोच काढून टाकतो. पडद्यावर बोट ठेवून उजळपणा थोडा खाली ओढला, मोबाइल दगडी कठड्याला टेकवून स्थिर धरला आणि ज्योत चौकटीच्या बाहेर ठेवली, की काम होते. ज्योत चौकटीबाहेर ठेवणे ही यातली खरी कळ आहे, आणि तीच कोणाला जमत नाही, कारण दिवा दिसला नाही तर फोटो दिवाळीचा वाटणार नाही अशी भीती असते. आयोजकांनी रंगीत एलईडीचे झोत सोडले की हेही अशक्य होते. माणसाचा डोळा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे घेतो. एक झोत ती सगळी तयारी क्षणात मोडतो, आणि मग पणतीचा उजेड माणसाला दिसत नाही, कॅमेऱ्यालाही पकडता येत नाही.

यावर एक आक्षेप चांगला आहे आणि तो टाळणे बरोबर होणार नाही. दीपमाळ बांधणाऱ्यांनी तरी दगड वाचण्यासाठी दिवे लावले होते का? तिच्या अंगातून निघालेले दगडी हात दिवे पेलण्यासाठीच आहेत. ती लांबून दिसावी म्हणूनच उभारलेली असते. म्हणजे दिवा हाच विषय असण्याची परंपरा आपलीच आहे. हे मला मान्य आहे. पण दीपमाळेचा दिवा कुठे ठेवायचा हे तिच्या घडणीने ठरवलेले असते, आणि तो लांबून एकच गोष्ट सांगतो, की देऊळ इथे आहे. तिचे छायाचित्र लांबूनच घ्यावे: नदी, काठ, गावाची घरे आणि त्यांत ती पेटलेली माळ. ते चित्र जागा सांगते. याचे आणखी नेमके उदाहरण सांगली-मिरजेकरांना जवळ असलेल्या खिद्रापूरच्या कोपेश्वराचे आहे. तिथल्या ४८ खांबांच्या स्वर्गमंडपाला वर छत नाही, सुमारे १३ फूट व्यासाचे गोल आकाश आहे. कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र आपल्या अक्षांशावर मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो, आणि त्या वर्तुळातून त्याचा उजेड खाली खांबांवरून उतरतो. खालच्या रंगशिळेवरून वर रोखून घेतलेले ते चित्र नाव झाकूनही खिद्रापूरचेच राहते. तेव्हा उजेडाच्या स्रोताचे चित्र घ्यायला माझी मनाई नाही. उजेड आणि बांधकाम यांचे नाते चित्रात उरले पाहिजे, एवढाच आग्रह आहे.

दुसरा आक्षेप असा की लोक सणाला आनंदासाठी येतात, त्यांना पुरातत्त्व खात्याचे काम का लावावे? पण दगडातला वीर पणतीच्या उजेडात अचानक उभा राहतो तेव्हा होणारा आनंद कमी प्रतीचा असतो, असे कोणी का धरावे? मुलाच्या हातात पणती देऊन ती दगडाच्या कडेने हळूहळू फिरवायला सांगावी. त्या पोराला वारशावरच्या व्याख्यानाची गरज उरणार नाही. आणि कामाचे म्हणाल, तर ते करायला खाते पुरे पडत नाही हे उघड आहे. १९५८चा केंद्राचा आणि १९६०चा राज्याचा कायदा संरक्षण देतो तो घोषित स्मारकांना. यादीबाहेरचे वीरगळ रस्त्याच्या रुंदीकरणात हलवले जातात, त्यांच्यावर ऑइलपेंट फासला जातो, जीर्णोद्धारात शिलालेख फरशीखाली जातो. हेन्री कझिन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा ग्रंथ १९३१ साली निघाला. त्यातल्या छायाचित्रांचे मोल आज वाढले आहे, कारण एखादी भिंत, एखादी मूर्ती तेव्हा कशी होती हे त्यांवरून ताडून पाहता येते. प्रत्येक कार्तिकात त्याच वीरगळाचे, त्याच बाजूने ठेवलेल्या दिव्यात घेतलेले एक चित्र गावाकडे जमत गेले, तर दहा वर्षांनी कोणती भेग वाढली, कोणते अक्षर गेले, हे गावालाच दाखवता येईल. प्रसिद्धीचे समर्थक ज्या संवर्धनाची ग्वाही देतात त्याची सुरुवात अशा नोंदीपासून होते. पायऱ्यांवरच्या दिव्यांच्या दहा वर्षांच्या चित्रांतून असे काहीच हाती लागत नाही; दरवर्षी दिवे नवे असतात आणि दरवर्षी सारखेच दिसतात.

म्हणून दीपोत्सव भरवणाऱ्या मंडळांकडे आणि तिथे जाणाऱ्या प्रत्येकाकडे एक मागणी करतो. पायऱ्यांवर हव्या तेवढ्या पणत्या मांडा, त्यांचे फोटोही घ्या. पण झोत बंद ठेवा, काही दिवे कोरीव दगडांच्या कडेला ठेवा, आणि एक तरी चित्र असे घ्या ज्यात ज्योत नाही आणि दगड आहे. त्याखाली गाव, दगडाची जागा आणि तारीख लिहून ते जपा. या एका चित्राचा आग्रह मला सोडवत नाही. पूर्वजांनी अक्षर कोरले ते वाचले जावे म्हणून आणि वीरगळ उभारला तो ओळखला जावा म्हणून. वर्षातल्या ज्या एका रात्री आपण हौसेने, तेल-वात घेऊन त्यांच्यापाशी जातो, त्या रात्रीही ते वाचले गेले नाहीत, तर आपण वारसा साजरा केला असे म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.