राखणदाराची विद्या

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांसाठी रविवारच्या मिस्सेत प्रार्थना होते, तेव्हा आपण सारे मनोभावे तीत सामील होतो. अंधेरी-बोरिवलीच्या धर्मग्रामांतून आता पर्यावरण व्यवस्थापन शिकण्यासाठीही मुलेमुली ब्रिटन-ऑस्ट्रेलियाला जातात. आईबाप त्यासाठी कर्ज काढतात. मात्र एक प्रश्न आपण टाळतो : ही विद्या कोणाची?

ज्याने पैसे भरले त्याची, हे व्यवहाराचे उत्तर झाले. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने मनुष्याला बागेत ठेवले, ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. राखणदार मालक नसतो. त्याच्या हाती असते ती ठेव. राखण करण्याची विद्या ही देखील ठेवच होय.

मग शिकलेल्याने परत आलेच पाहिजे काय? कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या मुलाला असा उपदेश करणे आपल्याला सोपे जाते. शिवाय पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या परिपत्रकात अवघ्या पृथ्वीलाच आपले सामायिक घर म्हटले आहे. दूरदेशीची नदी स्वच्छ राखणाराही त्याच घराची सेवा करतो. तो तिकडे राहिला म्हणून त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तरीही राखणीला जवळीक लागते. पुण्याचे माधव गाडगीळ यांनी १९६९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि १९७१ मध्ये ते मायदेशी परतले. सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करताना पिढ्यान् पिढ्या त्या राखणाऱ्या गावकऱ्यांकडून ते शिकत राहिले. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाविषयी अहवाल दिला, तेव्हा निर्णयात ग्रामसभांना स्थान असावे, असा आग्रह त्यात होता. अभ्यासाची पद्धत परदेशी विद्यापीठात मिळू शकते. पण इथल्या मातीची ओळख इथेच करून घ्यावी लागते.

आणि इथे आपण काय करतो? तुळशी तलावाकडून येणारी दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानात झऱ्यासारखी वाहते. वस्तीत शिरल्यावर मात्र आपण तिला नाला म्हणतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांना आपल्या विसरलेल्या नद्या आठवल्या. पाणी ओसरले आणि आठवणही ओसरली. कचरा कुठे जातो, हे विचारायला पदवी लागत नाही. तरी आपण विचारत नाही.

अशा गावी एखादी मुलगी शिकून परतलीच, तर आपला पहिला प्रश्न असतो, "तिथेच का नाही राहिलीस?" तिच्या विद्येचे आपल्या लेखी किती मोल आहे, ते या प्रश्नातच कळते. तिने परत यावे की नाही, हे तिच्या सदसद्विवेकावर सोपवू या. पण ती सुट्टीत घरी येईल, तेव्हा मिस्सेनंतर तिच्यासोबत नदीकाठी जावे, ती सांगेल ते ऐकावे आणि त्यातले थोडे तरी आपल्या हातांनी करावे, एवढे आपल्याला करता येईल. तिच्यासाठी आपण प्रार्थना केली होती. तेवढे देणे आपणही लागतो.