नवी कल्पना कोठून येते?

नाशिक जिल्ह्यातील एका खेड्यात सभा आटोपल्यावर एका मुलाने आम्हांस विचारिले, "पाळकसाहेब, नवी कल्पना मेंदूच उत्पन्न करीत असेल, तर ज्याचा मेंदू जन्मतःच साधारण, त्याने शिकून काय मिळवावे?" मुलगा शाळा सोडण्याच्या बेतात होता, म्हणून हा प्रश्न केवळ वादाचा नव्हता. त्याचे उत्तर आम्ही वाचकांपुढेही ठेवितो.

याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर येथे सन १८७० त धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. सन १९११ त मुंबईस त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर ते चरित्र चालले असता आपल्या मनश्चक्षूंपुढे राम व कृष्ण उभे राहू लागले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेविले आहे. त्या कल्पनेतून ता. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढे आला. मूकपट पाहणारे दुसरेही पुष्कळ होते; मग ही गोष्ट फाळक्यांच्याच मनात इतकी का ठसली?

याचे उत्तर त्यांच्या पूर्वायुष्यात सापडते. त्यांचे घर शास्त्र्याचे. पुराणकथा त्यांस परक्या नव्हत्या. पुढे चित्रकला, छायाचित्रण, छपाई व जादूचे खेळ इतक्या विद्या त्यांनी हस्तगत केल्या होत्या. त्या दिवशी हे सारे संचित एकमेकांस येऊन भेटले.

मेंदूविषयी आज जे कळले आहे, ते याशी जुळते. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. परंतु केवळ प्रतिभेसाठी राखून ठेविलेली अशी एक जागा त्यांत नाही. हिप्पोकँपस नावाचा भाग आठवणी साठविण्यास साहाय्य करितो. सन २००७ त लंडन येथील संशोधकांस असे आढळले की, या भागास इजा होऊन ज्यांची स्मृती गेली होती, त्यांच्यापैकी बहुतेकांस न घडलेल्या प्रसंगाचे सुसंगत चित्रही मनात रेखाटता येत नव्हते. म्हणजे स्मरण व कल्पना यांचे बिऱ्हाड एकाच घरात आहे. शिवाय, आपण स्वस्थ बसलो असताही मेंदूचे काही भाग जुन्या धाग्यांची नवी जुळणी करीत असतात; आणि दुसरे भाग त्यांतील टाकाऊ ते टाकून कामाचे ते निवडितात.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, शून्यातून काही घडविणे माणसाच्या मेंदूस दिलेले नाही; म्हणून कल्पकाने गर्व करू नये. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई चित्रफितीस भोके पाडीत, ती धूत, आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही करीत. कल्पना एका डोक्यात आली, परंतु तिला हातपाय अनेकांनी दिले.

दुसरी ही की, मेंदूमेंदूत जन्मतः फरक असतो हे खरे. तथापि बी पेरलेच नाही आणि जमिनीस दोष द्यावा, हा न्याय नव्हे. "याच्या डोक्यात काही नाही," असे म्हणणाऱ्या आईबापांनी व शिक्षकांनी आधी स्वतःस विचारावे, आम्ही त्यात घातले काय? आणि जे मूल शाळेऐवजी मजुरीस धाडिले जाते, त्याचे कोठार रिकामे ठेविल्याचा दोष कोणावर?

त्या मुलास आम्ही फाळक्यांचीच आणखी एक हकीकत सांगितली. मोठा चित्रपट काढण्यापूर्वी, सन १९१२ त, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरिला आणि रोज थोडे थोडे चित्र घेऊन त्याची वाढ टिपली. कुंडीजवळ बसून पाहणाऱ्यास वेल वाढताना दिसला नसता. पडद्यावर मात्र तो मातीतून वर येऊन चढताना दिसला. "तुझ्या डोक्यात काय वाढते आहे, ते आज तुला दिसणार नाही," आम्ही म्हटले, "म्हणून कुंडी उलथून टाकू नकोस."