घारींची गर्दी, एकटा भोवत्या

हिवाळ्यात पुण्याहून सासवडकडे पक्षी बघायला निघालं की दिवे घाटाच्या अलीकडेच, फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या कचरा डेपोवर घारी घिरट्या घालताना दिसतात. दुर्बीण काढायचीही गरज नसते. घारी, गायबगळे, कावळे, डबक्याकाठी शेपटी हलवणारे धोबी. यादी भराभर वाढते.

घाटावरच्या माळावर मात्र उन्हं चढेपर्यंत पायपीट करावी, तेव्हा कुठे एखादा भोवत्या गवताला पोट घासत गेल्यासारखा तरंगताना दिसतो. मध्य आशियातून आलेला हा शिकारी पक्षी दिवसभर नाकतोडे, उंदीर, चंडोल टिपतो आणि रात्री झाडावर न जाता गवतातच जमिनीवर मुक्काम करतो. गवत गेलं की त्याचं जेवण गेलं आणि अंथरूणही. घारीला आपलं उष्टं चालतं. माळावर प्लॉट पडले, की तिथल्या कचऱ्यावर घारी येतात आणि भोवत्या नाहीसा होतो. आकडेच जमवणाऱ्याच्या वहीत मात्र बेरीज वाढलेली असते.

आम्हा पक्षीवेड्यांचा हा बेरजेचा सोस मला खटकतो. सरकारचं माळाला पडीक समजणं त्याहून जास्त. पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक. झाडं लावली तर वर पुण्यही. माळावर झाडं लावल्यानंही माळ मरतो, हे शहरातल्या माणसाला पटवावं लागतं. मेंढपाळाला नाही.

डेपोवरचा आनंद तर आणखी अवघड. वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा इथे उघड्यावर पडला, त्यातून झिरपलेल्या पाण्यानं आसपासच्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांना कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या. आपण नाकाला रुमाल लावून अर्धा तास थांबतो, आणि कचरा वेचणारी एखादी बाई मध्ये आली तर ती फोटोत येणार नाही असा कॅमेरा वळवतो. घार सुंदर आलेली असते.

डेपोवर पक्षी बघूच नयेत, असं मी म्हणणार नाही. पण ती बाई फोटोत राहू द्यावी. घारी कशावर उतरल्या होत्या, चिकनच्या दुकानातल्या पिशव्यांवर की मंगल कार्यालयातल्या उष्ट्यावर, हेही नोंदीत लिहावं. आणि माळावर सकाळभर हिंडून भोवत्या दिसला नाही, तर तारीख घालून तेवढंच लिहावं: दिसला नाही.