सहा मुलींचा पट

४ डिसेंबर २०२३ च्या रात्री पुणे महापालिकेने बुधवार पेठेतला भिडे वाडा ताब्यात घेतला आणि उजाडायच्या आत तो जमीनदोस्त केला. ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालांमुळे अनेक वर्षे अडलेला राष्ट्रीय स्मारकाचा मार्ग मोकळा झाला होता. वाडा जीर्ण झाला होता. दर्शनी बाजूला दुकाने होती. समोरच्या दगडूशेठ गणपतीला हात जोडून उभ्या राहणाऱ्यांची पाठ नेमकी या वाड्याकडे असे. मीही कितीतरी वेळा तसाच पाठमोरा उभा राहिलो आहे.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती या वाड्यात. नेमका दिवस कोणता, यावर अभ्यासकांत वाद आहे, वर्षाबद्दल नाही. तात्यासाहेब भिडे यांनी जागा दिली. त्या वेळी जोतीराव विशीत होते आणि सावित्रीबाई सतरा वर्षांच्या आसपास. वाडा गेल्याचे दुःख आहेच. पण त्या जागेवर आपण काय उभे करणार, याची काळजी त्याहून मोठी आहे. ते ठरवायचे तर ही शाळा वास्तू म्हणून काय होती, हे आधी पाहायला हवे.

पुण्यातला वाडा हे जुन्या समाजाच्या रीतीभातींचे लाकडात आणि मातीत उतरलेले रूप होते. दगडी जोते, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, वर कडीपाटाचे छत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि घर किती मोठे हे खणांत सांगायचे. दिंडी दरवाजातून आत शिरले की देवडी, मग चौक, चौकाभोवती ओसरी, तिच्या आत माजघर, आणखी आत स्वयंपाकघर आणि देवघर. प्रत्येक उंबऱ्यावर एक प्रश्न उभा असे: तू कोण, आणि कुठपर्यंत येऊ शकतोस? कुणी देवडीतच थांबायचे, कुणी ओसरीवर बसायचे. काहींना तर दिंडी दरवाजाच्या आत यायचीही मुभा नव्हती. घरच्या बायकांना हाच प्रश्न उलट्या दिशेने लागू होता. त्या आत असत, आणि बाहेरच्या भागात पुरुष मंडळी बसलेली असताना तिकडे फिरकत नसत.

ओसरीवर शाळा भरणे यात तसे नवे काही नव्हते. पंतोजींची शाळा अशीच कुणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळाच्या पडवीत भरत आली होती. समोर धूळपाटी, हातात बोरू, आणि पावकी-निमकीचा एका सुरातला घोष. शाळेला वेगळी इमारत लागते ही कल्पनाच तेव्हा रुळलेली नव्हती. चार खण जागा, एक शिकवणारा आणि पुढ्यात बसलेली मुले एवढ्यावर शाळा उभी राहायची. मात्र ही मुले म्हणजे मुलगे, आणि तेही बहुतेक ब्राह्मणांचे, व्यापाऱ्यांचे, हिशेबाची गरज असलेल्या घरांतले.

भिडे वाड्यात ही जुनी व्यवस्था उलटी फिरली. ज्यांनी माजघरात राहायचे त्या मुली बाहेरच्या भागात पाटी घेऊन बसल्या. शिकवणारी स्वतः एक बाई, तीही माळी समाजातली, ब्राह्मणाच्या वाड्यात, ब्राह्मणी पेठेत. एकही भिंत हलली नाही, एकही नवा खांब उभा राहिला नाही, तरी वाड्याच्या रचनेचा अर्थ पार बदलला. या शाळेचे स्थापत्य मला इथे दिसते. सावित्रीबाई शाळेत जाताना त्यांच्यावर शेण-चिखल फेकला जाई, म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर ठेवत, अशी आठवण त्यांच्या सहवासातल्या माणसाने नोंदवून ठेवली आहे. या शाळेचा उंबरठा रस्त्यावरच सुरू होत होता, असेच म्हणायला हवे.

म्हणूनच ‘भारतातील मुलींची पहिली शाळा’ या बिरुदाभोवती चालणारी ओढाताण मला गौण वाटते. अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली होती. बंगालमध्ये बारासात येथे स्थानिक मंडळींनी १८४७ मध्ये तशी शाळा सुरू केली. हे मान्य केल्याने फुले दांपत्याचे काम तसूभरही लहान होत नाही. पेशवाई बुडून जेमतेम तीस वर्षे झालेल्या शहराच्या मधोमध, त्याच शहरात वाढलेल्या एका तरुण जोडप्याने, कोणत्याही मिशनच्या किंवा सरकारच्या छत्राखाली न जाता भिडे वाड्यातली शाळा सुरू केली. या शाळेचे मोल तिच्या पत्त्यात आहे.

आणि तो पत्ताही फार दिवस टिकला नाही. जोतीरावांच्या वडिलांवर समाजाचा दाब आला, पतिपत्नींना घर सोडावे लागले, पैसा संपला आणि भिडे वाड्यातली शाळा बंद पडली. मग ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात पुन्हा शाळा भरली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत दुसरी, आणि १५ मार्च १८५२ ला वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, तिसरी. त्याच वर्षी महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाली. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे ब्राह्मण मित्र या कामात पुढे होते. फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सहकारी होत्या. एक वाडा बंद झाला की दुसऱ्या वाड्याचे दार ठोठवायचे. वास्तूवर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचवायला जड जाते, पण फुल्यांची शाळा कोणत्याही एका इमारतीला बांधलेली नव्हती. ती पेठांमधून फिरत राहिली.

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारतर्फे शालजोडी देऊन सत्कार झाला. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला हा वाडा भिडे वाड्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तिथे १८२१ पासून दक्षिणा फंडाच्या पैशावर संस्कृत पाठशाळा चालत होती, अर्थात ब्राह्मण मुलांसाठी. त्याच वाड्यात एका शूद्र शिक्षकाचा सन्मान व्हावा, ही घटना शहराच्या नकाशावर भिडे वाड्याइतक्याच ठळकपणे नोंदायला हवी. पुढे १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. शाळा म्हणून उसन्या घेतलेल्या त्या ओसऱ्यांनी काय घडवले, याचा याहून मोठा पुरावा मला तरी ठाऊक नाही.

आता स्मारकाकडे येतो. स्मारक म्हटले की आपल्याकडे पुतळा, भित्तिशिल्पे, छायाचित्रांचे दालन, ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम अशी एक ठरीव यादी डोळ्यांपुढे येते. त्यातले काही असायला हरकत नाही. पण जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेले निवेदन ज्याने वाचले आहे, त्याला या यादीने समाधान होणार नाही. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, ही त्यांची तक्रार होती. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, गावच्या शिक्षकाला बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मुलांना मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान मिळावे, असे त्यांनी मागितले. हा माणूस पैशाचा आणि पगाराचा हिशेब मांडत होता. त्याच्या स्मारकात तो हिशेब नसेल तर त्याच्या नावाला अर्थ काय उरला?

२०२३ च्याच पावसाळ्याअखेर, उच्च न्यायालयाचा निकाल लागण्याच्या सुमारास, महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पट असलेल्या सरकारी शाळा एकत्र करून त्यांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. मोठी शाळा, अधिक शिक्षक, चांगल्या सुविधा हा त्यामागचा विचार सरसकट खोटा आहे असे मी म्हणणार नाही. एका शिक्षकाने पाच इयत्ता एकाच खोलीत सांभाळायच्या, यात मुलांचे नुकसान होतेच. तरीही भिडे वाड्यातली शाळा सहा मुलींनिशी सुरू झाली, असे आपण दर वर्षी भाषणांत सांगतो. त्या शाळेला आजचा निकष लावला तर ती पहिल्याच दिवशी समूह शाळेत विलीन करावी लागली असती. लांबच्या शाळेला जायचे तर वाट, नाला, हमरस्ता ओलांडावा लागतो, आणि घरचे आधी थांबवतात ते मुलीला. जवळची शाळा ही मुलीच्या शिक्षणाची पहिली अट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान अशी इमारतीची मोजमापे आहेत. ती हवीतच. पण त्याच कायद्याने शाळा मुलाच्या शेजारात असावी हेही सांगितले आहे, आणि मोजमापांच्या नादात अंतर विसरले जाते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. भिडे वाड्याच्या जागी जे उभे राहील, त्याच्या तळमजल्यावर महापालिकेची चालू प्राथमिक शाळा असावी. पहिली ते चौथी, मराठी माध्यमाची, बुधवार पेठेतल्या, तिच्या गल्ल्यांतल्या कुठल्याही घरच्या मुलांसाठी. त्यांची आई कोणते काम करते हे विचारले जाणार नाही अशी. दार सरळ रस्त्याकडे उघडावे, दर्शनाला उभ्या असलेल्या माणसाने मागे वळून पाहिले की वर्ग दिसावा. दाराशी पाण्याची सोय असावी. आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणाऱ्या माणसाच्या नावाने हे करताना, पाणी कुठे ठेवायचे हेही स्थापत्याचाच भाग मानले पाहिजे. प्रदर्शन, पुस्तके, छायाचित्रे वरच्या मजल्यावर ठेवावीत, आणि पाहायला येणाऱ्यांनी वर्गाशेजारून, आवाज न करता, वर जावे. जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी पटावर सहाच मुली असल्या, तरी हजेरी घेऊन शाळा सुरू करावी.