वेचलेले तांदूळ आणि मोजलेले तास



आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या शरणदांपत्याची कथा या मठात आपण अनेकदा ऐकली आहे. आज ती पुन्हा सांगावयाची आहे, ती वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासात बुडालेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्याकडे काळजीने पाहत बसलेल्या आईवडिलांसाठी.

गेल्या श्रावणात सीमाभागातील एका खेड्यातून एक माउली आपल्या मुलाला घेऊन मठात आली. मुलगा पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला. डॉक्टर व्हायचे हा त्याचा निश्चय. माउली म्हणाली, "अप्पाजी, हा रात्री एकला झोपतो, पहाटे पाचला उठतो. जेवताना पुस्तक, बसमध्ये पुस्तक. कोणाशी बोलत नाही. लिंगपूजाही सोडली. आणि एवढे करून चाचणीत गुण वाढायचे ते कमीच होत चालले. परवा अंगणात भोवळ येऊन पडला, म्हणून घेऊन आले."

मुलगा मान खाली घालून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होता. खिशातून त्याने एक कागद काढून दाखविला. त्यावर दिवसाचे सारे तास आखलेले. कॉलेज धरून अभ्यासाचे सोळा तास! तो नम्रपणे म्हणाला, "अप्पाजी, पूजा मी आळसाने सोडली नाही. कायकात निरत असणाऱ्याला लिंगपूजेचा विसर पडला तरी चालेल, असे मारय्यांनीच सांगितले आहे ना? अभ्यास हेच माझे कायक. मग पूजेला अर्धा तास कशाला?"

प्रश्न खोटा नव्हता. मारय्यांच्या वचनाचा आशय तसाच आहे. कायकात निरत असताना गुरुदर्शनाचा, लिंगपूजेचा विसर पडला, समोर जंगम उभा असला तरीही कायक सोडू नये, कारण कायकातच कैलास आहे, असे ते सांगतात. पण या वचनाचा सारा भार 'निरत' या एका शब्दावर आहे. निरत म्हणजे रमलेला, त्याच कामात पूर्ण उतरलेला. आम्ही मुलाला विचारले, "बाळ, भौतिकशास्त्राचे गणित सोडवताना तुझे मन कोठे असते?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "रसायनशास्त्र राहिले आहे, याच्यात." "आणि रसायनशास्त्र वाचताना?" "नंबर लागेल की नाही, याच्यात." "आणि जेवताना?" "घड्याळात."

मग निरत कोठे आहे? पुस्तकापुढे बसून जो पुस्तकात नाही, त्याला मारय्यांच्या वचनाचा आधार घेता येणार नाही. कामात रमून ज्याला पूजेचा विसर पडतो तो वेगळा, आणि काळजीने ग्रासून जो पूजा टाळतो तो वेगळा.

येथे आमचीही एक चूक कबूल केली पाहिजे. हाच मुलगा वर्षापूर्वी आशीर्वादाला आला होता, तेव्हा आम्ही त्याला "आणखी एक तास लवकर ऊठ" असे सांगून पाठविले होते. त्या कागदावरच्या सोळा तासांत एक तास आमचाही होता.

आता लक्कम्मांची कथा ऐका. मारय्यांचे कायक सांडलेले तांदूळ वेचण्याचे. 'अक्की' म्हणजे तांदूळ, म्हणून ते आयदक्की. रोज लागतील तेवढे तांदूळ वेचून आणावेत, लक्कम्मांनी ते शिजवावेत, जंगमांना दासोह करावा, उरलेला प्रसाद आपण घ्यावा, असा त्यांचा क्रम होता. एके दिवशी मारय्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मांनी एका दृष्टीत ओळखले. हा लोभ राजाला शोभेल, शिवभक्ताला नाही, असे सांगून त्यांनी जादा तांदूळ जेथून आणले तेथेच टाकून येण्यास पतीला परत पाठविले.

या कथेचा अर्थ आपण धनाच्या संग्रहापुरता घेतो. परंतु लोभ वेळेचाही असतो. मारय्यांच्या पदरात जसे शिजणार नाहीत एवढे तांदूळ, तसे या मुलाच्या कागदावर पचणार नाहीत एवढे तास. एका विषयाची तीन-तीन पुस्तके, मित्राच्या टिपणांच्या झेरॉक्स प्रती, मोबाईलवर साठविलेले शेकडो पाठ, आणि त्यांतला एकही पुरा शिजलेला नाही. हे सारे झोपेतून, जेवणातून, आईशी बोलण्याच्या वेळेतून ओरबाडून आणलेले. झोप ही आळशाची चैन नव्हे. दिवसा वाचलेले झोपेतच मनात पक्के बसते, हे आजचे वैद्यकशास्त्रही सांगते. ज्याला उद्या रोग्याला विश्रांती घ्या म्हणून सांगायचे आहे, त्याने आपल्या देहाचे ऐकू नये, हे कसे?

परीक्षेकडेच पाहा. २०२५ साली नीट परीक्षेत १८० प्रश्न होते आणि वेळ १८० मिनिटे. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक व रसायनशास्त्राचे, प्रत्येकी ४५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. म्हणजे प्रश्नामागे एक मिनिट. त्या मिनिटात मागचा प्रश्न मनातून जावा लागतो आणि पुढचा अजून यावा लागत नाही. ठाऊक नसलेल्या प्रश्नाच्या लोभाने खूण केली, तर हातचा एक गुण जातो. लक्कम्मा जे सांगतात, तेच ही प्रश्नपत्रिकाही सांगते.

आम्ही त्या मुलाबरोबर बसून नवा कागद केला. झोप ७ तास, कॉलेज व बसचा प्रवास मिळून ८, स्नान, जेवण व घरचे काम अडीच, पूजा अर्धा तास. झाले १८. राहिले ६. त्यांतला एक फिरण्याला आणि घरच्यांशी बोलण्याला. अभ्यासाला उरले ५. मुलाचा चेहरा उतरला. "अप्पाजी, फक्त पाच?" आम्ही म्हणालो, "पाच आहेत, पण ते पुरे पाच असू देत."

पहाटे ताज्या डोक्याने दीड तास गणिते. संध्याकाळी दोन तास त्या दिवशी कॉलेजात शिकविलेले. रात्री दीड तास उजळणी, काल वाचलेल्याची आणि आठवड्यापूर्वी वाचलेल्याची. एका वेळी एकच पुस्तक पुढे, मोबाईल आईच्या कपाटात. ठरलेला भाग राहिला तर तो झोपेतून वसूल करायचा नाही. रविवारी सकाळचे दोन तास मोकळे ठेवायचे, राहिलेले तेथे. तेथेही मावत नसेल तर पुढच्या आठवड्याचा भाग कमी आखायचा. रविवारी दुपारी दोन ते पाच, परीक्षेच्याच वेळेला, एक पूर्ण प्रश्नपत्रिका, आणि चुकलेले प्रश्न एका वहीत. शिवाय आठवड्यातून एकदा धाकट्या बहिणीला एक धडा समजावून सांगायचा. हा ज्ञानाचा दासोह आहे. दुसऱ्याला समजावता आले, तरच आपल्याला समजले असे म्हणावे.

आणि पूजेचा अर्धा तास? इष्टलिंग तळहातावर घेऊन दृष्टी एका ठिकाणी स्थिर करणे हाच निरत होण्याचा रोजचा अभ्यास आहे. जो अर्धा तास तेथे मन आणू शकतो, तो पुढचा दीड तास पुस्तकातही आणू शकतो. दृष्टी लिंगावरून घड्याळाकडे गेली तर रागावू नये, हळूच परत आणावी. वाचनातही तसेच करावे.

आता आईवडिलांना दोन शब्द. २०२५ साली या परीक्षेला २२ लाखांहून अधिक मुले बसली आणि देशात एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. मन लावून अभ्यास केलेली कितीतरी मुले बाहेर राहणार, हे गणितच सांगते. परीक्षेच्या ताणाने मुलांनी जीव दिल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. पान उलटू नका. मूल गप्प झाले, जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, तर गुण विचारू नका, त्याला जवळ बसवून घ्या, गरज वाटली तर डॉक्टरांकडे न्या. बसवण्णांच्या काळच्या शरणांत वैद्य संगण्णा होते. रोग, औषध, पथ्य यांची भाषा त्यांनी वचनांत आणली. त्याच शरणसमूहात धोबी मडिवाळ माचय्या, नावाडी अंबिगर चौडय्या आणि चर्मकार हरळय्या होते. वैद्याचे आसन उंच आणि नावाड्याचे खाली, असे तेथे नव्हते. तुमच्या मुलाला वैद्यक मिळाले तर ते कायक, परिचारकाचे, औषधनिर्मात्याचे, शिक्षकाचे काम मिळाले तर तेही कायकच. हे तुम्ही त्याला निकालानंतर नव्हे, आजच सांगा.

तो मुलगा दिवाळीत पुन्हा मठात आला. चाचणीचे गुण किती, ते आम्ही विचारले नाही. त्याने प्रसाद घेतला, पंगतीत वाढले, आणि दोन तासांत एकदाही मनगटाकडे पाहिले नाही. बसच्या वेळेला माउलीनेच त्याला हाक मारली.

आजचे तांदूळ आज वेचा, आजच शिजवा. उद्याचे अंगणात सांडलेलेच आहेत.

शरणु शरणार्थी.