समुद्रगमन आणि गोदास्नान

परदेशी गेल्याने धर्म बुडतो का, हा प्रश्न एके काळी नाशिकच्या गोदाकाठी प्रायश्चित्ताने सोडवला जाई. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास पतनाच्या कारणांत आहे आणि त्यावर तीन वर्षांचे कडक व्रत सांगितले आहे. त्याच सूत्रात मात्र समुद्रयान हा उत्तरेकडचा आचार म्हणूनही येतो. म्हणजे बंदी होती तेव्हाही लोक जातच होते.

सर्वांत बोलके उदाहरण मोहनदास गांधींचे. १८८८ मध्ये ते बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला निघाले, तेव्हा मुंबईतल्या मोढ वाणी जातीने त्यांना वाळीत टाकले. जातीच्या शेटजींचा आक्षेप नुसत्या पाण्यावर नव्हता. तिथे गोऱ्यांबरोबर खाणेपिणे करावेच लागते, हे त्यांचे म्हणणे होते. खरा वाद पंगतीचा होता, आणि तो धर्माच्या नावाने चालवला गेला, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. मांस, मद्य आणि परस्त्रीपासून दूर राहण्याची आईला दिलेली शपथही शेटजींना पुरेशी वाटली नाही.

१८९१ मध्ये गांधी परतले. थोरल्या भावाने त्यांना राजकोटला नेण्याआधी नाशिकला आणून गोदावरीत स्नान घातले, मग राजकोटला जातभोजन दिले. गांधींना हे रुचले नव्हते. भावाच्या प्रेमाखातर त्यांनी ते केले. एका तटाने त्यांना परत घेतले, दुसऱ्याने नाही. त्या तटातल्या सासरी आणि बहिणीकडे ते पाणीही पीत नसत. जातीचा नियम चोरून मोडणे त्यांना पटत नव्हते. १८९३ मध्ये ते नोकरीसाठी पुन्हा समुद्र ओलांडून दक्षिण आफ्रिकेला गेले.