पाहणाराचा वाटा

नाटक करणारा करतो, पाहणारा पाहतो. केल्याचे बरेवाईट करणाराच्या माथी. पाहणाराचे त्यात काय जाते? असा आपला सर्वसाधारण समज आहे. रात्री जेवणे आटोपतात, टीव्ही लागतो, एक मालिका होते, तिच्यामागून हास्याचा कार्यक्रम होतो. निजताना कोणी म्हणते, “आजचा भाग काही रंगला नाही.” कोणी म्हणते, “आज पोट धरून हसलो बुवा!” एवढे बोलले की विषय संपला. परंतु वाचकहो, हा जो अभिप्राय आपण सहज देऊन टाकतो, त्याची काही जबाबदारी आपल्याकडे येते की नाही? परमार्थाच्या वाटेने चालणाराने एकदा तरी याचा विचार करावयास हवा.

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द हे नाव आज वैनगंगेवरील धरणामुळे सर्वांना ठाऊक आहे. पण ते ज्या झाडीपट्टीत मोडते, तिची जुनी ओळख नाटकाची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात दिवाळी झाली की मंडई भरते, दंडार उभी राहते, खडी गंमत होते. आणि देसाईगंज-वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्र रात्र खेळ करतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालविलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. सुमारे ८०० निरनिराळ्या भूमिका त्यांच्या नावावर आहेत.

अशा खेळात करणारा आणि पाहणारा यांत अंतर ते किती? चार पावलांचे! गोडी लागली तर लोक वन्समोअर देतात, कंटाळले तर उठून जातात. नटाला आपला न्याय तोंडावर मिळतो. दुसरी गोष्ट अशी की ज्याच्या सारख्याची नक्कल चालली आहे, तो लंगडा, तोतरा किंवा गरीब माणूस कदाचित आपल्याच शेजारी सतरंजीवर बसलेला असतो. म्हणून हसण्याला थोडी तरी भीड पडते. तेथे सारेच सोवळे असते असे नाही. चावटपणा तेथेही शिरतो. पण पाहणारा तेथे उघड्यावर असतो, एवढे खरे.

पुढे काळ पालटला. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी झाली. त्या दिवसांत दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी ‘रामायण’ चालू होते. २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालेली ती मालिका ३१ जुलै १९८८ ला संपली. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी आळी जमे. ठिकठिकाणी लोक टीव्हीला हार घालीत. निदान पाहणे चारचौघांत होते. मग टीव्ही घरोघर आला, आणि आता तर ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आहे. चारचौघे गेले, त्यांच्याबरोबर भीडही गेली. एकांतात माणूस कशाला हसतो हे कोण पाहतो?

आता आपण कशाला हसतो ते पाहू. एखादीचे अंग स्थूल, एखाद्याचा रंग काळा, कोणी बोलताना अडखळतो. यावर विनोद होतो आणि आपण टाळी देतो. पुष्कळ मालिकांत शहाणी माणसे पुस्तकी मराठी बोलतात, आणि गडी किंवा मोलकरीण खेड्याची बोली बोलते, ती हसे करण्यापुरती. झाडीबोली ही आमच्या आयाबायांची बोली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांनी तिच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. त्याच झाडीपट्टीतील मूल असा विनोद पाहते, आणि शेजारी बसलेला बाप खो खो हसतो. मुलाने काय शिकावे? आपली आजी बोलते ते हसण्याजोगे आहे, हेच ना?

प्रेक्षकांची मोजदाद करणारी ‘बार्क’ नावाची संस्था देशातील ५० हजारांहून अधिक निवडक घरांत यंत्रे बसवून कोणता कार्यक्रम किती पाहिला गेला ते नोंदते, आणि त्यावर जाहिरातींचे दर ठरतात. म्हणजे तोंडाने निंदा करीत पाहत राहिलो तरी हिशेबात तो होकारच धरला जातो. कोणी म्हणेल, आमच्या घरी असले यंत्र नाही. नसेना का! घरातले लहान मूल हे त्याहून बारीक यंत्र आहे. बाप कोठे हसला, आई कोठे उठून गेली, याची नोंद त्याच्यापाशी असते. आणि ती पुसता येत नाही.

येथे एक शंका येईल. “दिवसभर चिखलात राबून माणूस घरी येतो, त्याने घटकाभर हसूही नये की काय? विनोद म्हणजे पाप का?” मुळीच नाही! हसणे पाप असते तर एकनाथमहाराजांनी भारुडे कशाला रचली असती? विंचू चावलेल्याची तडफड पाहून लोक हसतात. मग उमगते की हा विंचू कामक्रोधाचा आहे आणि तो मलाच चावला आहे. सासरला विटून देवीला साकडे घालणाऱ्या सुनेला आपण हसतो. मग ध्यानात येते की ते सासर आपल्याच प्रपंचाचे आहे. नाथांच्या विनोदात हसणारा आणि ज्याला हसायचे तो, दोघे एकच होतात. त्यामुळे हसून झाल्यावर मन हलके होते, कोणाचेही काही हिरावले जात नाही.

दुसरी शंका अशी : “मी एकट्याने टीव्ही बंद केल्याने काय होणार?” कार्यक्रम बंद पडणार नाही, हे कबूल. पण एकादशीला एकट्याने उपवास केल्याने बाजारातले धान्य तरी कोठे वाढते? जो करतो, त्याच्या अंतःकरणात फरक पडतो.

आणि एक सावधगिरी. काही जण अभिप्रायाच्या नावाखाली नटनटींच्या रूपावर, जातीवर, घरसंसारावर तोंड सोडतात. खलनायिकेचे काम करणारीला खरीच दुष्ट समजून शिव्याशाप देतात. खेळाची पारख करावी, भाग लांबवला असेल तर लांबवला म्हणावे, काम चांगले झाले असेल तर मोकळ्या मनाने वाखाणावे. माणसाची निंदा मात्र करू नये. वारीत आपण सान-थोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. ते पडद्यावरच्या माणसाच्या वेळी विसरून कसे चालेल?

तात्पर्य, हसण्यापूर्वी नाही तरी हसून झाल्यावर एवढेच विचारावे : ज्याला मी हसलो, तो आता माझ्या शेजारी येऊन बसला, तर हे हसू मला त्याच्यासमोर ठेवता येईल काय? येत असेल, तर खुशाल पुन्हा हसावे. येत नसेल, तर करणाराच्या दोषात आपलाही वाटा आहे असे समजावे, आणि मुकाट्याने बटण दाबून मोकळे व्हावे.

॥ रामकृष्णहरि ॥